वस्ताद ते राष्ट्रीय प्रशिक्षक

देशाच्या संघाचा पगारी प्रशिक्षक हा पेशा फार जुना नाही. आल्प्समधला स्कीइंगचा संघ असो की आशियाई स्पर्धेतला कबड्डीचा, खेळाडूंची निवड, सरावाचे वेळापत्रक, शिबिर, डावपेच आणि शेवटी जय-पराजयाची जबाबदारी एका माणसाकडे सोपवण्याची रीत विसाव्या शतकात रुळली. त्या पदापर्यंत जाण्याची वाटही त्याच काळात आखली गेली. आधी स्वतः खेळायचे, मग शिकवण्याचे प्रमाणपत्र घ्यायचे, जिल्ह्यात आणि राज्यात संघ घडवायचे, आणि मग राष्ट्रीय शिबिराचे बोलावणे यायचे. महाराष्ट्रात मात्र शिकवणारा माणूस या पेशाच्या कितीतरी आधीपासून होता. गावोगावच्या तालमीत त्याला वस्ताद म्हणत.

वऱ्हाडातल्या आखाड्याची मांडणी साधीच असे. मारुतीच्या देवळाला लागून एक खोली, तीत लाल मातीचा हौदा, कोपऱ्यात मुद्गल, करेला आणि दगडी गोटे, भिंतीत मारुतीचा कोनाडा. माती चाळून तिच्यात ताक, तेल आणि हळद मिसळण्यापासून पोरांचे जोर-बैठकांचे आकडे ठरवण्यापर्यंत सगळे वस्ताद पाहत असे. कोणत्या पोराला कोणाशी लावायचे, कोणत्या दंगलीत उतरवायचे आणि कोणत्या दंगलीला नेऊनही नुसते बसवून ठेवायचे, हा निर्णयही त्याचाच. आजच्या भाषेत निवड समिती, व्यायामतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि प्रशिक्षक ही चारही कामे तो एकटा करी. मोबदल्याचा मात्र हिशेब नसे. गुरुपौर्णिमेचा नारळ, जत्रेत जिंकलेल्या पठ्ठ्याने बांधलेला फेटा आणि गावाने दिलेला मान, एवढ्यावर त्याचे आयुष्य जाई. पोट शेतीवर किंवा दुसऱ्या कामावर चाले. शिकवणे ही सेवा आहे, तिचे पैसे मागायचे नसतात, ही समजूत इथूनच घट्ट झाली. पुढे पगारी प्रशिक्षकाचा प्रश्न आला तेव्हाही ती आडवी आली.

ज्यांना राजाश्रय मिळाला त्यांची नावे टिकली. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला शास्त्राचे रूप दिले. पुढे ते पेशव्यांबरोबर ब्रह्मावर्ताला गेले आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने ही विद्या उत्तरेपर्यंत पोचवली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या काळात जुम्मादादांचा आखाडा आणि त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी एकेकट्याच्या मेहनतीला सामुदायिक कवायतीची जोड दिली. शंभर माणसे एका हुकमावर हलवायची, तर शिकवणाऱ्याला क्रम, हुकूम आणि मोजणी लिहून काढावी लागते. अंगात मुरलेली विद्या कागदावर उतरू लागली ती अशी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना खुराक दिला, तालमी बांधल्या आणि 1912 मध्ये खासबागचे मैदान उभे केले. वऱ्हाडाच्या वाट्याला असे संस्थान आले नाही. 1853 पासून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात होता, त्यामुळे इथे जे उभे राहिले ते लोकांच्या वर्गणीतून.

त्यातले सगळ्यात मोठे काम अमरावतीत झाले. अंबादासपंत वैद्य आणि त्यांचे बंधू अनंत वैद्य यांनी 1914 मध्ये सुरू केलेल्या हनुमान आखाड्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले. महाराष्ट्रात आखाडे पुष्कळ होते. या आखाड्याचे वेगळेपण असे की त्याने शिकवणारे घडवायचे मनावर घेतले. 1924 पासून मंडळाने उन्हाळी वर्ग सुरू केले. शाळांना सुट्टी लागली की प्रांतोप्रांतीचे शिक्षक आणि तरुण अमरावतीला येत. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम, आसने आणि देशी मैदानी खेळ शिकून, ते दुसऱ्याला कसे शिकवायचे हेही शिकून परत जात. शिवराम राजगुरू इथे व्यायाम शिकायला येऊन राहिले होते. इंग्रज सरकारला या गर्दीचा संशय येणे साहजिक होते, कारण व्यायामशाळा आणि स्वातंत्र्याची चळवळ यांच्यात तेव्हा भिंत नव्हती. या वर्गांमुळे एक गोष्ट कायमची बदलली. वस्तादाची विद्या पूर्वी एका आखाड्यातून त्याच आखाड्याच्या पुढच्या पिढीकडे जाई. आता कोणत्याही गावचा शिक्षक महिना-दोन महिन्यांत ती घेऊन आपल्या शाळेत नेऊ लागला. बुलढाणा हा अमरावती विभागातला जिल्हा. सिंदखेड राजा, दुसरबीड, मेहकर या पट्ट्यातल्या माणसाला शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यायची म्हटले की आजही पहिले नाव अमरावतीचे निघते.

1936 मध्ये मंडळाचे पथक डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली बर्लिन ऑलिम्पिकला गेले. ते पदकांसाठी खेळायला गेले नव्हते. देशी व्यायाम आणि खेळांची प्रात्यक्षिके त्यांनी तिथे केली. कबड्डी आणि मल्लखांब युरोपातल्या प्रेक्षकांनी पाहिले ते या वऱ्हाडी पथकामुळे. शिकवणाऱ्यांची एक संस्था, कोणत्याही संस्थानिकाच्या पाठबळाशिवाय, देशाचे प्रतिनिधित्व करायला समुद्रापार गेली, ही त्या काळाच्या मानाने फार मोठी गोष्ट होती. महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासात तिला मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत जर्मनीतच, गार्मिश-पार्टेनकिर्शेन इथे, उतारावरचे म्हणजे आल्पाइन स्कीइंग पहिल्यांदा हिवाळी ऑलिम्पिकमध्ये आले. तिथेही शिकवणारे आधी गावातलेच होते. ऑस्ट्रियात मथियास झदार्स्की यांनी 1896 मध्ये उतारावरच्या तंत्राचे पुस्तक काढले. आर्लबेर्ग भागात हान्नेस श्नायडर यांनी पहिल्या महायुद्धानंतर सांक्ट आन्टोनला स्की शाळा काढली आणि सरळ घसरण्यापासून वळणे घेण्यापर्यंत पायऱ्या लावून दिल्या. 1930 मध्ये ते जपानला जाऊन शिकवून आले. 1938 मध्ये नाझींनी त्यांना अटक केली, आणि सुटकेनंतर पुढच्या वर्षी ते अमेरिकेत स्थायिक झाले. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक हा मान त्यानंतरचा. फ्रान्सच्या संघाचे प्रशिक्षक ओनोरे बोने यांच्या हाताखाली तयार झालेल्या जाँ-क्लोद किली यांनी 1968 मध्ये ग्रनोबलला तिन्ही आल्पाइन सुवर्णपदके जिंकली. 1956 मध्ये अशीच तिन्ही सुवर्णपदके जिंकणारे टोनी झाइलर 1972 ते 1976 या काळात ऑस्ट्रियाच्या संघाचे प्रमुख झाले. तिकडे डोंगरातले हॉटेल, स्की बनवणारे कारखाने आणि सरकारी प्रमाणपत्र यांनी शिकवण्याला सुरुवातीपासून धंद्याचे बळ दिले. त्यामुळे ऑस्ट्रियाचा माणूस दुसऱ्या देशाच्या संघाला शिकवायला जातो यात कोणाला नवल वाटत नाही.

भारतात बर्फावरचे शिक्षण लष्कराकडून सुरू झाले. 1948 मध्ये गुलमर्गला सैनिकांसाठी स्की शाळा निघाली, तिचीच पुढे उंच प्रदेशातील युद्धाची शाळा झाली. नागरिकांसाठी गुलमर्गची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था 1968 मध्ये आली. भारताकडून हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा उतरले ते जेरेमी बुजाकोव्स्की, 1964 मध्ये इन्सब्रुकला. 2022 मध्ये बीजिंगला भारताचा एकच खेळाडू होता, काश्मीरचा आरिफ खान. जायंट स्लॅलममध्ये तो 45 वा आला. संघच जिथे एका-दोघांचा, तिथे राष्ट्रीय प्रशिक्षकाचा पेशा उभा राहणे कठीण. महाराष्ट्रात बर्फ नाही, त्यामुळे या पेशाचा मराठी इतिहास माती, मॅट आणि मैदान यांवरच शोधावा लागतो.

ऑलिम्पिकशी महाराष्ट्राची ओळख 1920 मध्ये झाली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे खेडुत धावपटू पाहून सर दोराबजी टाटांनी अँटवर्पला संघ पाठवायचे ठरवले. त्यात फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे धावपटू होते, कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे मल्ल होते. मातीत वाढलेल्या मल्लांना तिथे गादीवर, परक्या नियमांनी लढावे लागले. तरीही रणधीर शिंदे पदकाच्या अगदी जवळ पोचले. बरोबर व्यवस्थापक होते. पण गादीवरची कुस्ती जाणणारा शिक्षक ही गरजच तेव्हा कोणाच्या ध्यानात आली नव्हती. पुढे 1924 च्या पॅरिसच्या संघाची धुरा मद्रासच्या वायएमसीए महाविद्यालयाचे संस्थापक हॅरी बक यांच्याकडे गेली. 1920 मध्ये निघालेले हे महाविद्यालय म्हणजे भारतातले शारीरिक शिक्षणाचे पहिले मोठे विद्यालय. मुंबई इलाख्यात कांदिवलीची सरकारी संस्था 1938 ची. अमरावतीचे वर्ग या दोन टप्प्यांच्या मधले, आणि पूर्णपणे खासगी कष्टांवर चाललेले.

प्रशिक्षक असला आणि नसला तर काय फरक पडतो, हे खाशाबा जाधवांच्या कारकिर्दीत स्वच्छ दिसते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाला बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांनी घडवले. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकआधी त्यांना रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाचे मार्गदर्शन मिळाले आणि फ्लायवेट गटात ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या दौऱ्यासाठी पैसे जमवताना राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. गुरुजनांनीच पदरमोड करून शिष्याला पाठवायचे, ही वस्तादी रीत ऑलिम्पिकच्या दारातही चालू होती. त्या पदकाचे मोल जितके मोठे, तितकीच सरकारच्या उदासीनतेची आठवणही मोठी आहे.

सरकार या कामात उतरले ते हेलसिंकीनंतर. 1953 मध्ये राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाची प्रशिक्षण योजना निघाली, 1954 मध्ये अखिल भारतीय क्रीडा परिषद झाली, आणि 7 मे 1961 रोजी पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. हॉकीचे जादूगार ध्यानचंद तिथे त्या खेळाचे मुख्य प्रशिक्षक होते. या संस्थेच्या पदविकेने भारतात प्रशिक्षक हा पेशा कागदोपत्री अस्तित्वात आणला. ‘एनआयएस कोच’ हे शब्द जिल्ह्याजिल्ह्यांत पदवीसारखे लावले जाऊ लागले. जिल्हा क्रीडा कार्यालयातली नोकरी, विद्यापीठाचा संघ, रेल्वे, पोलीस किंवा बँकेचा संघ अशा जागा त्या पदविकेच्या जोरावर मिळू लागल्या. अमरावतीतही मंडळाने 1967 मध्ये शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय काढले आणि उन्हाळी वर्गांची परंपरा विद्यापीठाच्या चौकटीत आणली. 1984 मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन झाले. महाराष्ट्रात 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडीचे संकुल उभे राहिले, त्यानंतर निवासी प्रशिक्षणाच्या क्रीडा प्रबोधिनी आल्या.

1985 मध्ये केंद्र सरकारने प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू केला. पहिल्याच वर्षीच्या तिघा मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. दुसऱ्या वर्षी बुद्धिबळाचे रघुनंदन गोखले, 1990 मध्ये शिवाजी पार्कवर सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांना घडवणारे रमाकांत आचरेकर, 2000 मध्ये खो-खोचे गोपाळ पुरुषोत्तम फडके, आणि 2023 साठी मल्लखांबाचे गणेश देवरुखकर. या नावांकडे पाहिले की मराठी प्रशिक्षकाचा स्वभाव कळतो. आचरेकर राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक कधीच नव्हते. मैदानावर वीस वर्षांनी जे दिसले त्याची पेरणी त्यांनी सकाळ-संध्याकाळच्या नेटमध्ये केली. राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या हाती खेळाडू येतो तो असा आधीच घडलेला. नेमबाजीत मात्र दोन्ही भूमिका एकत्र आल्या. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये खेळलेल्या दीपाली देशपांडे पुढे राष्ट्रीय पातळीवर प्रशिक्षक झाल्या. त्यांच्या तालमीत वाढलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले. खाशाबांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले. त्या वर्षीचा द्रोणाचार्य पुरस्कारही देशपांडे यांना मिळाला.

राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदाची सगळ्यात ठळक मराठी कहाणी मात्र परदेशात घडली. नाशिकच्या शैलजा जैन यांनी सुमारे तीन दशके सरकारी नोकरीत राहून कबड्डीच्या मुली घडवल्या. देशाच्या महिला संघाचे काम त्यांना मिळाले नाही. इराणने बोलावले, आणि निवृत्तीनंतरच्या वयात त्या तेहरानला गेल्या. शाकाहारी बाईला तिथले जेवण जड गेले, भाषा नवी होती, पेहराव पाळायचा होता. त्यांनी कामापुरती फारसी शिकून घेतली आणि सरावात योगासने व प्राणायाम आणले. 24 ऑगस्ट 2018 रोजी जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इराणच्या महिलांनी भारताला 27–24 असे हरवले. भारताच्या महिलांनी 2010 आणि 2014 ही दोन्ही सुवर्णपदके जिंकली होती, ती मालिका तिथे तुटली. काहींना हे जिव्हारी लागले. पण प्रशिक्षकाचे कौशल्य ही देशोदेशी मागणी असलेली विद्या आहे, हे ऑस्ट्रियन स्की शिक्षकांनी जसे नव्वद वर्षांपूर्वी सिद्ध केले तसेच शैलजा जैन यांनी कबड्डीत केले. ज्या खेळाची प्रात्यक्षिके अमरावतीच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिनला केली, त्या खेळात इराणचा संघ घडवायला मराठी प्रशिक्षक गेली. हा या पेशाच्या इतिहासातला मानाचा टप्पा आहे.

आता पुन्हा बुलढाणा जिल्ह्याकडे येऊ. जिजाऊंचा जन्म इथल्या सिंदखेड राजाचा, दुसरबीड त्याच तालुक्यात. राज्य शासनाच्या क्रीडा पुरस्कारांतही जिजामातांचे नाव आहे. असे नाव दिले की जबाबदारी वाढते. तालुक्याच्या पातळीवर आज शिकवणारा माणूस कोण, हे पाहिले तर उत्तर बहुतेक ठिकाणी एकच मिळते, शाळेतला क्रीडाशिक्षक. पटसंख्येनुसार त्याची जागा मंजूर होते आणि पट घटला की जाते. मैदान आखणे, प्रार्थनेची रांग लावणे, स्नेहसंमेलनाचा मंडप पाहणे आणि इतर विषयांचे तास घेणे यांतून वेळ उरला तर तो पोरांना पळवतो. त्याला राष्ट्रीय पातळीवर नेणारी पायरी कोणत्याही सेवानियमात लिहिलेली नाही.

तरीही बुलढाणा जिल्ह्याने अलीकडे एक मोठे उदाहरण दिले आहे. बुलढाण्याचा प्रथमेश जावकर हा कंपाउंड धनुर्धर पोलीस दलातले प्रशिक्षक चंद्रकांत इलग यांच्याकडे शिकला. मे 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत त्याने जागतिक क्रमवारीत पहिल्या असलेल्या नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला 149–148 असे हरवून सुवर्ण घेतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी जगज्जेते झाले. दोघेही साताऱ्याच्या प्रवीण सावंत यांचे शिष्य, आणि सावंतही पोलीस दलातलेच. ऑक्टोबरमध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ओजस, प्रथमेश आणि दिल्लीचा अभिषेक वर्मा यांनी कंपाउंड सांघिक सुवर्ण जिंकले. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक तेव्हा इटलीचे सर्जिओ पान्यी होते. परदेशी तज्ज्ञाने शेवटचा हात फिरवला यात गैर काही नाही, त्यांचा अनुभव मोठा होता. पण धनुष्य पहिल्यांदा हातात देणारे, वर्षानुवर्षे ड्युटीच्या आधी आणि नंतर मैदानावर उभे राहणारे दोन पोलीस होते. वस्तादाची परंपरा वर्दी घालून चालू राहिली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

या घटकेला जिल्ह्याला सगळ्यात जास्त गरज आहे ती अशा माणसांना तालुक्याच्या ठिकाणी पूर्णवेळ, पगारी आणि कायम जागा देण्याची. तालुका क्रीडा संकुलांच्या इमारती पुष्कळ ठिकाणी उभ्या राहिल्या. प्रत्येक संकुलात पतियाळा किंवा अमरावतीतून शिकून आलेला एक तरी प्रशिक्षक नेमला जावा, आणि त्याच्या सेवेत जिल्हा, राज्य व राष्ट्रीय शिबिर अशा बढतीच्या पायऱ्या असाव्यात, ही मागणी ग्रामपंचायतींनी, शाळांनी आणि पालकांनी लावून धरली पाहिजे.